पाच वजनांचा माणूस

२ जानेवारी. संध्याकाळ.

कंपनीच्या डॉक्टरकडे वार्षिक तपासणी झाली. वजन एकशे चार. हे वजन माझं नाही. पायात बूट होते, खिशात पाना होता, वर नुकताच जेवून गेलो होतो. माझं वजन शंभर आहे आणि सगळ्या कंपनीला ते माहीत आहे.

डॉक्टरला तसं सांगितलं. तो म्हणाला, बूट काढा, पाना बाजूला ठेवा. ठेवला. काटा हलला नाही. स्वस्तातला असणार.

भानगड अशी आहे की लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करताना कमरेला जो पट्टा बांधतो, तो शंभर किलोपर्यंतच्या माणसाचा. त्याच्या वर गेलं की कंपनी शाफ्टमध्ये पाय ठेवू देत नाही, तक्रारींच्या टेबलावर बसवते. तिथे दिवसभर फोन उचलायचे आणि 'माणूस पाठवतो' म्हणायचं. चारच किलो जास्त म्हणून मला एप्रिलपर्यंत सवलत मिळाली.

त्या टेबलावर मी बसणार नाही. मी लिफ्टवाला आहे. केबिनच्या छतावर उभं राहायचं, वर अंधारात गेलेले दोर बघायचे, मोटर कशी बोलते ते ऐकायचं. मला दुसरं काही आवडत नाही आणि येतही नाही. असो. चार किलो म्हणजे एका आठवड्याचं काम.

निघताना डॉक्टर एक गोष्ट मात्र लाखमोलाची बोलला. माणूस एकटा जाड होत नाही म्हणाला, घर, नोकरी, शेजारपाजार, रीतीभाती, सगळे मिळून त्याला जाड करतात. इतकं समंजस बोलणारा डॉक्टर मी आजवर पाहिला नाही. पुढे तो ताटाबद्दल काहीतरी सांगत होता, पण तोवर मी उठलो होतो.

३ जानेवारी.

रात्री शांत झोप लागली. चूक माझी नाहीच. परिस्थितीची आहे.

तेव्हा संकल्प असा: परिस्थिती सुधारायची. आजूबाजूचे सुधारले की मी आपोआप सुधारतो. सरळ हिशेब.

सुरुवात आईपासून करावी लागेल. आमच्या घराण्यात बारीक माणसाकडे संशयाने बघतात. थोरल्या काकांचं पोट एकदा थोडं उतरलं, तर नातेवाईक रांगेने भेटायला आले आणि काकूला बाजूला घेऊन धीर देऊन गेले. काकांनी महिन्याभरात पोट परत आणलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आई अजून माझं मनगट चाचपून तब्येत ठरवते. अशा वातावरणात माणूस काय करणार?

५ जानेवारी. रविवार.

बाजारातून परतताना खालच्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरलो. आत आई, ही, दोन शेजारी. मी शेवटी शिरलो आणि ओव्हरलोडचा बझर बोंबलायला लागला. ही 'मी येते जिन्याने' म्हणून उतरली. हिला जिने चढायची आवड आहे. लग्न झाल्यापासून बघतोय.

आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीची आहे. त्यांचे सेन्सर भंकस. आमच्या कंपनीचा बझर असा उगाच वाजून दाखवा म्हणावं. शेजाऱ्यांना सहाव्या मजल्यापर्यंत हे समजावून सांगितलं. ते गप्प होते, पटलं असावं.

९ जानेवारी.

आज एका दवाखान्याच्या लिफ्टची भार-तपासणी. माझा जोडीदार काडी बरोबर होता. त्याचं खरं नाव कंपनीत कोणी घेत नाही, काडीपैलवान म्हणून आला आणि काडी राहिला.

काम असं असतं. लिफ्टमध्ये वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं रचायची. चारशे किलो झाले की बझर वाजला पाहिजे, तसा सेन्सर लावायचा. चारशेला वीस वजनं लागतात. पण आमच्या जोडीला पंधराच पुरतात, कारण उरलेली पाच म्हणजे मी. पंधरा वजनं रचायची, मी आत उभं राहायचं, चारशे झाले. गाडीतून पाच लोखंडं कमी उचलावी लागतात. बाकीच्या जोड्या जळतात आमच्यावर.

काडी आज चाचरत म्हणाला, "दादा, डॉक्टरकडे एकशे चार भरलं ना?" त्याला काट्याची हकिकत सांगितली. तरी तो सेन्सर लावताना दोनदा माझ्याकडे बघत होता. पोरगा चांगला आहे, पण शंकेखोर.

१४ जानेवारी.

घरात सुधारणा लागू. तळलेलं बंद. साखर अर्धी. मोठी ताटं माळ्यावर टाकली, सगळ्यांना लहान बश्या. जेवणाआधी मी थोडं भाषण केलं. हिने 'बरं' म्हटलं. आईने नाक मुरडलं, पण बशी घेतली.

अनुभव चांगला. बशी लहान असल्यामुळे पुन्हा पुन्हा वाढून घ्यावं लागतं, त्यामुळे उठबस होते. हा व्यायामच झाला.

अडचण एकच. दोघी इतकं कमी जेवल्या की भांड्यात बरंच उरलं. अन्न टाकणं माझ्या रक्तात नाही. संपवलं.

१५ जानेवारी.

तेच. संपवलं.

२१ जानेवारी.

आज कस्टमरच्या बाबतीत कडक व्हायचं ठरवून निघालो होतो. आमच्या धंद्यात ही मोठी अडचण आहे. दोन दिवस बंद असलेली लिफ्ट चालू केली की प्रत्येक मजल्यावरून बश्या येतात. केक, बिस्किटं, चहा. आणि नको म्हटलं की लोकांचे चेहरे उतरतात. त्यांना वाटतं लिफ्टमध्ये अजून काहीतरी बाकी आहे, म्हणून या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. लिफ्टवाल्याने निवांत खाल्लं तरच लोक निवांत चढतात.

तरी आज पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना ठामपणे नाही म्हटलं. ते लगेच काठी घेऊन जिन्याने उतरायला लागले. पंच्याऐंशीच्या पुढचा माणूस. माझ्याच्याने बघवेना. दोन तुकडे खाल्ले, तेव्हा कुठे आजोबा लिफ्टमध्ये बसले. हे खाणं माझ्या नावावर धरता येणार नाही. ते सुरक्षिततेसाठी होतं.

२७ जानेवारी.

कंपनीत साहेबांना भेटलो. म्हणालो, आपल्याकडे रोज कोणाचा ना कोणाचा वाढदिवस, कोणाच्या मुलाचा निकाल, कोणाचं नवं घर. दर वेळी मिठाईचा खोका उघडतो. हे वातावरणच माणसाला मारतंय. साहेब पूर्वी स्वतः शाफ्टमध्ये काम करायचे, आता खुर्चीत बसून चांगलेच सुटलेत. त्यांना चटकन पटलं. कंपनीत खोके बंद, आणि जो आणेल त्याचा खोका जप्त करण्याचे अधिकार मला.

इतकी वर्षं नोकरी केली, पण अधिकार असा पहिल्यांदाच मिळाला. काडीने टाळ्या वाजवल्या.

३० जानेवारी.

तीन खोके जप्त. माझ्या लॉकरमध्ये ठेवले. मुंग्या लागायच्या आत विल्हेवाट लावणं भाग होतं. लावली.

८ फेब्रुवारी.

मोहिमेला यश. स्टोअरवाल्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. साहेब चालत ऑफिसला येतात. टायपिस्टबाईंनी जुना ड्रेस काढला तो त्यांना होतो, हे त्यांनी मला खास येऊन सांगितलं. काडी आधीच काडी होता, आता सावली पडत नाही. डॉक्टरचं म्हणणं खरं ठरलं. वातावरण बदललं की माणसं बदलतात.

माझं वजन केलं नाही. गरज नाही. सगळ्यांचं उतरतंय म्हणजे माझंही उतरणारच, मी त्याच वातावरणात आहे.

१२ फेब्रुवारी.

हिने माझ्या पॅन्ट मशीनमध्ये आटवल्या. दोन्ही आटल्या. बोललो तर म्हणते, तिचे कपडे तिला ढिले व्हायला लागलेत, तेही त्याच मशीनमध्ये धुतलेत. म्हणजे मशीन बिघडलं.

शिवाय हिच्या चपलांचे तळ पुन्हा झिजले. मोच्याकडे तिसऱ्यांदा. हिची चालायची पद्धतच चुकीची आहे, टाचेवर जोर देते. समजावलं. 'बरं' म्हणाली.

१९ फेब्रुवारी.

शाफ्टमध्ये पट्टा बांधताना काडीने विचारलं, थोडा सैल करू का. मी म्हटलं, आत स्वेटर आहे. केला सैल.

२६ फेब्रुवारी.

काडी अलीकडे फार बोलतो. आज म्हणाला, दादा, एकदा काट्यावर उभे राहा, माझ्यासाठी. मी म्हटलं, काटा काय सांगणार? मोहीम कोणी काढली? कंपनीतली अर्धी पोटं कोणामुळे उतरली? तो गाडी भरायला निघून गेला. मग दिवसभर नीट बोलला नाही. दुपारी स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं, ते समेटाचं म्हणून खाल्लं. नाही म्हटलं असतं तर दुखावला असता.

४ मार्च.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. सकाळी आईने माझं मनगट धरलं, चाचपलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "किती वाळलास रे. त्या बश्यांनी जीव घेतला तुझा."

आईच्या नजरेपुढे कुठलाही काटा झक मारतो. किमान दहा किलो उतरले असणार, त्याशिवाय आई रडत नाही. मला इतकं बरं वाटलं की आईच्या समाधानासाठी एक मोठं ताट माळ्यावरून उतरवलं. एकच.

५ मार्च.

भार-तपासणी होती. काडीला सांगितलं, आजपासून मला पाच वजनं धरायचं नाही. साडेचार धर. नव्वद. तो बघतच राहिला. मग दहा किलोंची टूलबॅग आणून माझ्या पायाशी ठेवली. पंधरा वजनं, नव्वदचा मी, दहाची बॅग. झाले चारशे. काम चोख करायचं म्हणजे असं.

टूलबॅग तो थोडी आपटून ठेवतो असं वाटलं.

१३ मार्च.

साहेबांनी मला सगळ्यांपुढे उभं करून दोन शब्द बोलायला सांगितलं. मी अर्धा तास बोललो. एप्रिलमध्ये तुमच्या तपासणीला आपण सगळे डॉक्टरकडे जाऊ आणि टाळ्या वाजवू, असं साहेब म्हणाले. मी नको म्हटलं. पण मनातून हो होतं.

खुर्ची अरुंद होती. नवीन आणलेली दिसते.

२० मार्च.

उन्हाळा सुरू झाला. स्वेटर कधीच गेला. पट्ट्याचं शेवटचं भोक. पट्टा उष्णतेने आटतो का, स्टोअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, थंडीनेही आटतो का ते आधी सांगा. आगाऊ झाला आहे. बारीक झाल्यापासून लोकांना वाचा फुटली आहे.

२५ मार्च.

रात्री जेवताना ही एकदम म्हणाली, "तुम्ही टेबलावर बसलात तर बसलात. पण त्या पट्ट्यावर लटकू नका." मी हसलो. ती हसली नाही. शाफ्टमधलं काम बायकांना कळत नाही.

नीट झोप लागली नाही. खरं सांगायचं तर त्या टेबलाची भीती वाटते. तिथून दोर दिसत नाहीत. पण नव्वद किलोंच्या माणसाला कोण टेबलावर बसवणार? उगाच डोक्यात किडे.

२ एप्रिल.

सरकारी इन्स्पेक्टरबाई आल्या आहेत. आम्ही तपासलेल्या लिफ्ट पुन्हा तपासणार. स्वतःची वजनं घेऊन आल्यात, माणसं लावून वीसच्या वीस वजनं चढवतात. इतकी उठाठेव कशाला? पण सरकारी काम, त्यांना वेळच वेळ.

आम्हाला चिंता नाही. आमच्या जोडीचं काम डोळे झाकून घ्यावं असं आहे.

४ एप्रिल. दुपारी.

साहेबांनी आत बोलावलं आहे. काडीलाही. बहुधा सत्कार.

४ एप्रिल. नंतर.

सत्कार नव्हता.

इन्स्पेक्टरबाई, साहेब, काडी आणि मी. बाई म्हणाल्या, बाकीच्या सगळ्या जोड्यांच्या लिफ्ट ठीक. या एका जोडीच्या लिफ्टमध्ये बझर उशिरा वाजतो. कुठे काही विपरीत झालेलं नाही, लिफ्ट त्याहून बरंच जास्त पेलते, पण चूक ती चूक. आणि गंमत म्हणजे चूक वाढत जाते. जानेवारीतल्या दवाखान्यात चार किलोंनी उशिरा. पुढच्या लिफ्टमध्ये सहा. मग आठ. मार्चमध्ये एकदम पंचवीस. असली चूक आजवर पाहिली नाही म्हणाल्या. सेन्सर बिघडतो तेव्हा कसाही बिघडतो, हा तर शिस्तीत बिघडलाय.

साहेबांनी विचारलं, वजनं कुठली वापरता. काडी माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाला, पंधरा लोखंडाची आणि पाच दादा.

साहेब शाफ्टमधले, त्यांना समजायला किती वेळ लागणार. तरी मी म्हणालो की मार्चमध्ये मी नव्वद होतो, म्हणून टूलबॅगसुद्धा ठेवली होती, उलट आम्ही जास्तच काटेकोर. माझं बोलणं माझ्याच कानाला विचित्र वाटायला लागलं, पण थांबता येईना.

साहेबांनी सावकाश हिशेब केला. लिफ्टला वाटतंय चारशे, आणि आत आहेत चारशे पंचवीस. त्यातून पंधरा वजनं गेली, तीनशे. बॅग गेली, दहा.

"राहिले एकशे पंधरा," साहेब म्हणाले. "तुम्हाला आता डॉक्टरकडे पाठवायची गरज नाही हो. शहरातल्या सगळ्या लिफ्टनी तुमचं वजन केलंय."

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी सेन्सरबद्दल काहीतरी बोलणार होतो. मग आठवलं, ते सेन्सर मीच लावलेत. आमच्या कंपनीचे. ते खोटं बोलत नाहीत.

काडीचा दोष नाही एवढं मात्र सांगितलं. म्हटलं, तो मला काट्यावर उभं राहा म्हणत होता, मी राहिलो नाही. काडी तेव्हा रडवेला झाला. मीसुद्धा झालो होतो, पण जप्तीच्या अधिकाऱ्याला ते शोभलं नसतं.

७ एप्रिल.

तक्रारींचं टेबल. खुर्ची रुंद आहे. ड्रॉवर खोल आहे. आधीच्या माणसाची बिस्किटं निघाली.

काडीला नवा जोडीदार मिळाला. आता वीसच्या वीस वजनं उचलतात. सकाळी गाडी भरताना काडी वाकत होता आणि मी काचेतून बघत होतो.

११ एप्रिल.

सगळ्या लिफ्टचे सेन्सर नीट लावून झाले. आता दिवसभर फोन. पूर्वी नव्हता वाजत, आता बझर वाजतो, माणूस पाठवा. मी सांगतो, माणूस पाठवण्याची गरज नाही, एक जण उतरा. एका बाईंनी विचारलं, कोणी उतरायचं? मी म्हटलं, जो शेवटी चढला तो. त्या म्हणाल्या, शेवटी चढतात ते आमचे मालक, ते कसले उतरताहेत, दर वेळी मीच उतरते.

फोन ठेवला. नंतरचा फोन उचलायला जरा वेळ लागला.

११ एप्रिल. संध्याकाळी, घरी.

खाली लिफ्टपाशी सगळे एकदम आलो. आई, पिशवी घेतलेली ही, दोन शेजारी. ते आत शिरले. मी शेवटी शिरलो. बझर वाजला.

हिचा पाय आधीच पुढे आला होता. कोणी काही म्हणायच्या आत, सवयीने. चपलेचा तळ झिजून कागदासारखा झालाय. इतकी वर्षं पिशवी घेऊन ही सहा मजले चढते आणि मी आतून शेजाऱ्यांना सेन्सर समजावत वर जातो.

शेजारी म्हणाले, तुम्ही लिफ्टवाले ना, बघा की एकदा, नेहमीचंच झालंय हे.

"काही झालेलं नाही," मी म्हणालो. "लिफ्ट बरोबर आहे. मी उतरतो."

हिच्या हातातली पिशवी घेतली आणि उतरलो. बझर थांबला. दार लागताना ही माझ्याकडे बघत होती.

आमच्या इमारतीचा जिना मी आज पहिल्यांदा नीट पाहिला. पायऱ्या उंच आहेत. बांधणाऱ्याने कसलंही माप पाळलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावर पिशवी खाली ठेवून बसलो. घाम, धाप, कानात मोटर चालल्यासारखा आवाज. वाटलं, इथेच राहावं.

वरून चपला वाजल्या. ही खाली उतरून आली होती. मला वाटलं, हसेल. बोलेल. बोलण्यासारखं भरपूर होतं तिच्याकडे.

ती पिशवीचा एक बंद धरून म्हणाली, "इथे नाही बसायचं. अजून एक मजला. तिसऱ्यावर खिडकी आहे, मी तिथे थांबते नेहमी. वारा येतो."

एक बंद तिने धरला, एक मी. तिसऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो.

खरंच वारा येतो तिथे.